नागोरावचे भुंगे

मानूस कुत्रं पाळते, बकरी पाळते, शौक असला तं पोपट पाळते. आमच्या गावच्या नागोरावनं भुंगे पाळले. हासू नका. मी बी तवा हासली होती, पार पदर तोंडात कोंबून, अन त्या हासन्याची मले आजबी लाज वाटते.

मले गावात बेबीताई म्हनते. पुंडलिकरावची बायको, सातवी शिकलेली, अन बायाईच्या राखीव जागेवर निवडून आलेली पंचायतीची मेंबर. तोंड माहं फटकळ. सासू म्हने, हिले दिवसभर बोलाले भेटलं नाई तं हिचं पोट फुगते. असन. पन हे जे सांगून राह्यली ते मी आजवर कोनाजवळ पुरं बोलली नाई. तुकड्यातुकड्यानं साऱ्या गावाले माहीत हाय, अन पुरं फक्त मले अन नागोरावले.

नागोराव बौद्धपुऱ्यातला. उंच, वाळलेला, खांदे पुढं वाकलेले. नेरच्या जिनिंगात कापसाचे गठ्ठे उचलायचा. कापसाचे भाव बसले, जिनिंगले कुलूप लागलं, तवापासून भेटन ते काम. पावसाळ्यात आरोग्य खात्याकडं हंगामी फवारनीले जाये, पाठीवर पंप बांधून घरोघरी भिंतीवर डासाचं औषध मारायचं. मानूस लाखात एक, पन बोलायले त्याले मुहूर्त लागे. मी त्याले म्हनो, "नागोराव, तुमी हो म्हनेपर्यंत माह्या दोन भाकरी थापून होते." तो नुसता हासे, अन भाकर थापून झाल्यावर म्हने, "हो."

त्याची बायको रुखमा. आमच्या वावरात निंदनाच्या बायाईत ती सगळ्याईत पुढं. आमच्या पाती अर्ध्यावर असल्या तं तिची धुऱ्याले, वावराच्या बांधाले, लागलेली राहे, अन वरून मागं वळून हाका मारे, "अवं बेबीताई, झोपली का वं तिथंच?" मालकीनबाईले अशी बोलनारी ती एकच. मले तिचा राग येत नव्हता, उलट ती नाई आली तं वावर सुनं लागे. एक लेक होती, दीपा, ते आर्णीले देल्लेली. घरी दोघंच नवराबायको.

गाजरगवत तुमी पायलं असन. गाजरासारखा पाला, वर पांढरी बारीक फुलं. आमच्या लहानपनी रस्त्याच्या कडेले कुठं कुठं दिसे. पन दोन हजार तीन-चारपासून, बाप्पा, शिवारच गिळलं त्यानं. कापसात काई राह्यलं नाई म्हनून लोकाईनं वावरं पडीत टाकली. आमची बी तीन एकर पडीत पडली, बौद्धपुऱ्याले लागून होती ते. तिथं कमरेएवढं गाजरगवत, अन ऐन पावसाळ्यात सारं पांढरं.

रुखमाले आधी हाताले खाज सुटली. मंग मानेवर, मंग डोळ्याच्या पापन्याईवर. कातडी अशी जाड झाली की खाजवलं तं रक्त निघे. तरी ते निंदनाले येतच होती. मंग दम लागाले लागला. पात सोडून धुऱ्यावर बसली रुखमा, हे मी पहिल्यांदा पायलं तवा मी बी पात सोडून तिच्यापाशी धावली. छाती वरखाली, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, अन बोलाले गेली तं दोन शब्दाच्या मधात श्वास अडके.

नेरच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेली, नागोराव संगं होता. डॉक्टर भला मानूस. तपासलं, विचारलं, अन म्हनला, "या गवताच्या फुलाचा त्रास आहे. दमा बळावलाय. औषध देतो, तोंडात मारायचा पंप देतो, पण खरा उपाय एकच. हे गवत जिथं नाही अशा गावी यांना राहायला न्या. नाहीतर एखाद्या वेळी श्वास बंद पडेल आणि पंपानंही उघडणार नाही."

डॉक्टर पुढच्या पेशंटले हाक मारनार, तेवढ्यात नागोरावले बोलनं सुचलं. "साहेब, त्या गावाचं नाव सांगता का?"

डॉक्टर खिडकीकडं पाहाले लागला. दवाखान्याच्या भिंतीलेच लागून ते गवत फुललेलं होतं. त्यानं चिठ्ठी लिहून हातात देल्ली.

भुंगे आले ते दोन हजार पाचच्या पावसाळ्यात. आमचे कृषी सहायक हरिसिंग साहेब, बंजारा मानूस, मोटारसायकलवर प्लास्टिकच्या बरण्या बांधून आले. बरणीच्या तोंडाले मच्छरदानीचं फडकं. ग्रामसभा भरली. साहेबांनी बरणी फिरवली. मुगाच्या दान्याहून थोडा मोठा किडा, पांढुरका, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. साहेब म्हनाले, हे भुंगे गाजरगवत खातात, दुसरं काई नाई. पाला खातात, झाडाले फूल येऊ देत नाई. सोडायचे अन सांभाळायचे. दोन-तीन वर्सं लागतीन, पन शिवार साफ होईन.

आता तुमीच सांगा, ज्या लोकाईची पऱ्हाटी बोंडअळीनं दोनदा खाऊन टाकली त्याईले किडा दाखवून तुमी म्हनता, सांभाळा! सभेत नुसता गलका. आमचे हे, पुंडलिकराव, सगळ्याईत मोठ्यानं, "अन गवत सरल्यावर काय खातीन हे? माही पऱ्हाटी? किडा मारू मारू आमी मरून राह्यलो, अन तुमी आमाले किडा वाटता?" लोक हासले. मी बी हासली. तिथंच बायाईत मी पदर तोंडात कोंबून बसली होती.

नागोराव उभा राह्यला. लोकं अजून हासून राह्यले होते. तो उभाच. मंग म्हने, "मी सांभाळतो."

"कायले गा?" कोनीतरी ओरडलं.

त्यानं बरणीकडं पायलं. "माह्या बायकोले श्वास पायजे," म्हने.

हरिसिंग साहेबांनी बरण्या त्याच्यापुढं ठेवल्या.

जागा कोन देनार? मी घरी येऊन ह्याईच्याशी दोन दिवस भांडली. "पडीतच तं हाय! तुमी तिथं सोनं पेरून ठेवलं का?" तिसऱ्या दिवशी हे म्हने, "घे वं बाई, कर तुह्या मनाचं, पन माह्या पऱ्हाटीत एक भुंगा दिसला तं पाय." बौद्धपुऱ्याले लागून जो कोपरा होता, अर्ध्या एकराचा, तो नागोरावले भेटला. साहेबांनी त्याले एक गोष्ट शंभरदा सांगतली, अन मी तिथं उभी होती म्हनून मलेबी पाठ हाय. बाकीचं गवत फुलाच्या आधी उपटा, कितीबी उपटा. पन भुंगे जिथं हायेत तिथलं गवत उपटायचं नाई, जाळायचं नाई, तिथं कोनतंच औषध मारायचं नाई. तिथलं गवत म्हनजे त्याईचं घर.

पहिलं वर्स वायाच गेल्यावानी झालं. दिवाळीपर्यंत भुंगे दिसेनासे झाले. नागोराव रोज जाऊन पानं उलटीपालटी करे. मले म्हने, "वहिनी, मेले वाटते सारे." मीच पंचायतीतून हरिसिंग साहेबांले फोन लावून देल्ला. साहेब म्हनले, मेले नाईत, जमिनीत गेले. पावसाळ्यात निघतीन, फक्त जमीन कोनाले उकरू देऊ नका. झालं! उन्हाळाभर हा मानूस त्या उघड्या कोपऱ्याची राखन करत बसला. ढोरं हाकलायचा, डुकरं हाकलायचा. लोक जाता येता टोमने मारत, "नागोराव, काय पेरलं गा?" तो हात जोडे, बस.

अन निघाले हो! आषाढात निघाले. तो धावत माह्या घरी आला, मी चुलीपुढं, त्याच्या तोंडातून शब्द निघेना. मी म्हनलं, "रुखमाले काई झालं का?" तो मान हलवून हलवून नाई म्हने, अन डोळ्यातून पानी. शेवटी तळहात उघडला. त्यावर एक भुंगा. "त्रेचाळीस हायेत," म्हने. "मोजले."

पुढं मोजायचे सुटलेच. दोनशे झाले, हजार झाले. अळ्या झाल्या. त्या कोपऱ्यातल्या गवताचा पार चाळना झाला, काड्याच उभ्या, फूल एक नाई. पुंडलिकरावबी चोरून पाहून आले, अन आपल्या पऱ्हाटीत एक नाई हेबी पाहून आले. साहेब म्हनले, आता दोन महिने यांना कोणी छेडू नका. पिलं वाढली की हेच उरलेल्या पडीतात पसरतीन, पुढच्या साली सारं शिवार.

त्या वर्सी श्रावनात रुखमा उंबऱ्यावर बसली होती, मी तिकडून चालली होती. ते म्हने, "ताई, दीपाची चिठ्ठी आली, तिले दिवस गेले, दसऱ्यानंतर ते इकडं येऊन राह्यली." अन मंग माह्याकडं पाहून हासली. "पायलं का? पुरं बोलली मी. मधात थांबली नाई." मी तिथंच खाली बसली. आमी दोघी लेकराईवानी हासलो. तिच्या घराच्या बाजूचा वारा त्या कोपऱ्यावरून येते, तिथं फूल नाई, म्हनून तिले श्वास भेटे. दुसऱ्या अंगाले अडीच एकर अजून पांढरं होतं. पन दोन महिने, फक्त दोन महिने काढायचे होते.

त्याच पावसाळ्यात चिकनगुन्या आला. सहा साल, कोन विसरन! घरात एक मानूस धड नाई. सांधे असे धरले की बाप्ये मानसं भिंत धरून चालत, बायाईले पीठ मळता येईना. ढोराईले वैरन टाकाले कोनी नाई. लोक म्हनाले लागले, डास त्या गाजरगवतात लपून बसते, गवतानंच हे आनलं. खरं का खोटं देव जाने, पन लोकाईच्या डोक्यात ते बसलं. मंग आरोग्य खात्याची धुराची मशीन आली. अन मशीन कोनाच्या खांद्यावर? हंगामी कामगार नागोरावच्या!

साऱ्या गल्ल्या त्यानं मारल्या. नाल्या, उकिरडे, गोठे, शाळेमागचं डबकं, काई सोडलं नाई. पन पडीताच्या कोपऱ्याजवळ गेला अन मशीन बंद केली. भुंगाबी किडाच, डासाच्या धुरानं तोबी मरतेच, हे त्याच्याहून जास्त कोनाले माहीत! लोक मागं होते. माहा देर पिंटू पुढं झाला, त्याची माय, म्हनजे माही सासू, पंधरा दिवसापासून बाजेवर. पिंटू म्हने, "चालू कर मशीन." नागोराव हलला नाई. "चालू कर! लोकं मरून राह्यले अन तू किडे जगवून राह्यला? अबे, गाव पायजे का भुंगे पायजे?"

नागोरावनं मशीन खांद्यावरून उतरवली, जमिनीवर ठेवली, अन त्या गवतापुढं जाऊन उभा राह्यला. बस. हात नाई उगारला, शब्द नाई बोलला. लोकाईनं शिव्या देल्ल्या, जातीवरबी गेले काई जन, सांगायले लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तक्रार गेली अन खात्यानं त्याचं काम काढून घेतलं.

मले ते सहन होईना. दोन्हीकडचं दिसत होतं. घरात सासू कन्हत होती, अन तिकडं रुखमा पहिल्यांदा नीट श्वास घेत होती. मी मेंबर, मले वाटलं मीच काई तरी करावं. मी लय हुशार ना! मी पिंटूले म्हनलं, "नागोरावच्या कोपऱ्यावर कायले राग काढता? गवत तं साऱ्या गावात हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी मारबतीची बाहुली काढताच. यंदा गावातलं सारं गाजरगवत उपटा अन मारबतीसंगं शिवेवर नेऊन जाळा. डासाचंबी घर जाईन, रुखमाचीबी सोय होईन." पिंटूले ते पटलं. पोट्टे जमा झाले, म्हतारेबी हो म्हनले. ज्या गावानं दोन वर्सं एक काडी उपटली नाई ते गाव गवत उपटाले तयार झालं. मी रुखमाले सांगाले गेली तवा मले असं वाटत होतं की आपुन मोठ्ठं काम केलं.

पोळ्याच्या दिवशी ह्याईनं जंगलातून बंडी भरून पळसाच्या फांद्या आनल्या. आमच्याकडं रीत हाय, पोळ्याले दारापुढं दोन्ही अंगाले पळसाच्या हिरव्या मेढी रोवते. दुसऱ्या दिवशी, करीले, सकाळून त्या साऱ्या उपटते अन मारबतीसंगं गावाबाहेर नेते. ईडापीडा, माशा, डास सारं त्या मेढीवर बसून जाते म्हनते. गावात एकबी मेढ उभी राह्यली तं रोगराई तिथंच राहते, हे आमच्याकडचं लहान लेकरूबी सांगन.

बंडीत बऱ्याच फांद्या उरल्या. अन तेवढ्यात नागोराव दिसला. तुराट्या घेऊन कोपऱ्याले कुंपन करून राह्यला होता, तुराट्या मोडून पडत होत्या. मी हाक मारली. "नागोराव, उद्या पोट्टे येतीन गवत उपटाले, तुमची जागा नीट दिसली पायजे. घ्या ह्या फांद्या, रोवा चांगल्या जवळ जवळ." त्याईचं घर छप्पन-सत्तावनपासून बौद्ध, त्याईच्याकडं पोळ्याची मेढ नाई, मारबत नाई. त्याले काय माहीत! त्याच्यासाठी ते लाकूड. अन माह्यासाठी? माहं सारं आयुष्य गेलं दरसाल मेढी रोवन्यात अन उपटन्यात. पन त्या वेळी माह्याबी डोळ्याले ते लाकूडच दिसलं. त्यानं चाळीस-पन्नास फांद्या रोवल्या, हिरवंगार कुंपन उभं राह्यलं. मी कौतुक केलं त्याचं. पिंटूले सांगतलं, "हे पाय, कुंपनाच्या आत जायचं नाई." पिंटू हो म्हनला, अन तोबी फांद्याईकडं पाहूनच हो म्हनला.

करीच्या सकाळी नागोराव पहिल्या बशीनं नेरले गेला, रुखमाचा पंप सरला होता. मी चुलीपुढं. बाहेर डफडी वाजाले लागली. दीडदोनशे मानूस असन, सांधे धरून लंगडत लंगडत निघालेलं. "रोगराई घेऊन जाय गे मारबत! चिकनगुन्या घेऊन जाय गे मारबत!" तो आवाज ऐकून मले बरं वाटलं, खरं सांगते. सासू बाजेवरून हात जोडत होती.

पिंटू पुढं, बाहुली घेऊन. मागची गर्दी गल्लीगल्लीतून मेढी उपटत, गवत उपटत चालली होती. मागच्याईले कोनी काई सांगतलं नव्हतं. ते पडीतापाशी आले. समोर काय दिसलं त्याईले? चाळीस-पन्नास मेढी, हिरव्यागार, उभ्या! बाया किंचाळल्या म्हने, "अवं माय, इथं तं साऱ्या गावाची पीडा रोवून ठेवली!" ज्या वर्सी घराघरात मानूस बाजेवर पडलेला त्या वर्सी येवढ्या मेढी कोन उभ्या ठेवन? तुटून पडले. मेढी उपटल्या, अन आतलं गवत पानाईवरल्या भुंग्या-अळ्याईसगट मुळातून ओरबाडलं. बाजूचं अडीच एकरातलं पांढरं फुललेलं गवतबी उपटलं, झोडपलं, खांद्यावर घेतलं. पिंटू पुढं होता, त्याले कळलं तवा सारं ढिगात होतं. शीव म्हनजे बौद्धपुऱ्याच्या पलीकडं चाळीस पावलं. तिथं ढीग केला अन रॉकेल ओतलं.

मले धूर दिसला तो ओल्या गवताचा, काळपट पांढरा, जमिनीलेच धरून रांगनारा. वारा बौद्धपुऱ्याकडं. माह्या हातातलं उलथनं तिथंच पडलं.

मी कशी धावली ते मले आठवत नाई. रुखमाच्या दारात तिची शेजारीन ओरडून राह्यली होती. रुखमा जमिनीवर, दोन्ही हात टेकून, तोंड उघडं, अन आत हवा जायचा आवाज येत होता फक्त, शिटीवानी. ओठ निळे. रिकामा पंप तिच्या मुठीत, ते दाबून राह्यली, दाबून राह्यली, त्यातून काई निघेना. मी तिले धरलं, ओला पदर तिच्या नाकाले लावला, अन शिवेकडं पाहून अशी ओरडली, "विझवा रे! विझवा भडव्याहो, मरून राह्यली ते!" डफडीच्या आवाजात कोनाले ऐकू जाते!

कोनीतरी काळीपिवळी आनली. फाट्यावर नागोराव बशीतून उतरत होता, हातात औषधाची थैली. गाडी पाहून तो उभा राह्यला, मंग धावत येऊन समोर बसला. नवा पंप फोडला, तिच्या तोंडात दोनदा मारला. आत गेलंच नाई. ड्रायव्हर म्हने, नेरले कायले थांबता, सरळ यवतमाळले चला. सारा रस्ता, दोन्ही अंगाले, ते पांढरं फुललेलं. मी काच वर करू करू मेली, एका दाराले काचच नव्हती. तिथं मी माही पाठ लावून बसली.

रुखमाचं डोकं माह्या मांडीवर. तिनं डोळे उघडले, माह्याकडं पायलं. एकेक शब्द ओढून ओढून म्हने, "ताई... भुंगे?"

तिनं धूर पायला होता. लोकाईचा आवाज ऐकला होता. मी म्हनलं, "हायेत बाई. तुमच्या कोपऱ्याले कोनी हातच लावला नाई. सारे हायेत." तिच्या कपाळाची आठी सुटली. समोर बसलेल्या नागोरावची मान वळली. त्याले गावातलं काईच माहीत नव्हतं, पन माह्या तोंडाकडं पाहून त्याले सारं कळलं. तो पुन्हा समोर रस्त्याकडं पाहाले लागला.

यवतमाळले तिले नळ्या लावल्या, दोन दिवस डॉक्टर अन नर्सा तिच्यापाशीच होत्या. दीपा आर्णीहून आली, चार महिन्याचं पोट घेऊन. पिंटू आला, व्हरांड्यात भिंतीले डोकं आपटत बसला. मी नागोरावले सारं सांगतलं. फांद्या मी देल्ल्या, गवत उपटून शिवेवर जाळायचं मी सांगतलं, मेढीची गोष्ट माह्या डोक्यात आली नाई. म्हनलं, "मले मारा, नागोराव. शिव्या द्या. काईतरी बोला." तो आपल्या तळहाताकडं पाहत होता. मंग म्हने, "तुमी चांगल्यासाठीच केलं, वहिनी." त्यानं थापड मारली असती तं मले बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळून डॉक्टर बाहेर आले अन दीपाच्या डोक्यावर हात ठेवला. दीपा जी ओरडली! पिंटू पळून गेला तिथून. नागोराव बाकावरून उठला नाई. गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसला, मी त्याच्या बाजूले. खाली अंगनात लोक डबे घेऊन येत होते, जात होते.

मंग तो बोलला. त्या दिवशी त्याले बोलायले मुहूर्त लागला नाई.

"वहिनी, गाडीत तुमी तिले सांगतलं ना, भुंगे हायेत म्हनून. बरं केलं. तिले लय बरं वाटलं, मी पायलं." मंग माह्याकडं वळून म्हने, "मलेबी एकदा सांगा ना तसंच. रुखमा हाय म्हनून सांगा. तुमी सांगतलं की खरं वाटते."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. तो माह्या तोंडाकडं पाहत राह्यला, वाट पाहत राह्यला, अन माह्या तोंडातून काई निघालं नाई.